सही माझी, कंबर त्याची

रिव्हॉल्व्हर कसं निवडायचं याचं ज्ञान मला या वर्षीच्या श्रावणात झालं. तेही स्वयंपाकघरात, कुकरच्या तिसऱ्या शिट्टीला. धाकटा पुतण्या मोबाईल घेऊन आला आणि साड्यांचे रंग दाखवावेत तसा एकेक फोटो दाखवायला लागला. हे बघ काकू, ह्याची नळी आखूड आहे, कमरेला लावलं तरी वाकताना टोचत नाही. हे बघ, हे वजनाला हलकं. सहा गोळ्या बसतात. पिस्तुलासारखं अडकत नाही, चिखला-पाण्यात रिव्हॉल्व्हरच बरं. शेतावर फिरताना हेच सोयीचं.

मी म्हटलं, "बाळा, मला कशाला दाखवतोस? तुझ्या काकांना दाखव."

"तुझ्या नावावर घ्यायचंय की. बायकांना परवाना लवकर मिळतो म्हणतात. तू नुसती सही कर, बाकी सगळं मी बघतो."

माझे दोन पासपोर्ट साईज फोटो त्याने आधीच मिळवले होते. कुणाकडून, ते मी विचारलं नाही. घरात जाऊबाई आहेत.

हा लेख त्या सहीविषयी आहे. माझ्या घरातली गोष्ट चव्हाट्यावर का आणते, असं काहीजणी म्हणतील. कारण दशलक्षणात बस्तीच्या ओवरीत बसून बोलताना कळलं, की ही गोष्ट माझ्या एकटीच्या घरातली नाही. आणखी दोघींना असंच विचारलं होतं. एकीने सही केलीसुद्धा होती आणि कशावर केली ते तिला धड ठाऊक नव्हतं.

आधी शेताचं सांगते, कारण सगळा दाखला शेताचाच दिला जातो. आमचं शेत बेळगावहून खानापूरच्या बाजूला, जंगलाला लागून. भात, ऊस, थोडी मिरची. रानडुकरं येतात, अधूनमधून गवे येतात. एका रात्रीत अर्धा एकर ऊस उलटापालटा होतो, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. लग्न होऊन आले त्या वर्षी सुगीत शेतघरात राहिले होते. रात्री कूडाशी काहीतरी घासत गेलं आणि सकाळी पाहिलं तर खुरांचे ठसे. तेव्हा मी एकवीस वर्षांची होते. भीती म्हणजे काय ते मला शहरातल्या माणसाने शिकवू नये. आजही पंपाला थ्री-फेज वीज पाळीने मिळते आणि पाळी पुष्कळदा रात्रीची असते. पुतण्या रात्री दोनला एकटा मोटर चालू करायला जातो, हे खरं आहे, आणि त्याची आई तोवर झोपत नाही, हेही खरं आहे.

तेव्हा तो म्हणतो त्यातल्या एकेका गोष्टीचा खरोखर विचार करू या. मी केला. कला शाखेची पदवीधर असले तरी वाचता येतं.

रानडुक्कर. पूर्ण वाढलेला नर शंभर किलोपर्यंत भरतो. त्याच्या खांद्या-मानेवर कातडीखाली जाड कवचासारखा थर असतो. आपल्याकडे सामान्य माणसाला परवान्यावर जे रिव्हॉल्व्हर मिळतं ते बहुतेक .32 बोअरचं. त्याहून मोठी .38 बोअर सरकारने प्रतिबंधित ठेवलेली आहे. .32 ची ती लहान गोळी, दोन-तीन इंचांच्या नळीतून, अंधारात, एका हातात बॅटरी धरून, पळत्या डुकरावर! डुक्कर मरणार नाही. जखमी होऊन उसात शिरेल, आणि सकाळी त्याच उसात भांगलायला बायका जातील. नवऱ्याने रात्री मर्दुमकी करायची आणि मजूरबाईने सकाळी तिचा हिशेब द्यायचा.

कायद्यालाही हे कळलेलं आहे. 1959 च्या शस्त्र कायद्यात संरक्षणासाठी जी बंदूक सांगितली आहे, ती गुळगुळीत नळीची आणि नळी किमान वीस इंचांची. पिकाच्या राखणीला ठासणीची बंदूक सांगितली आहे, आणि ती पुरणार नाही असं अधिकाऱ्याला पटलं, तरच तशा दुसऱ्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा परवाना देता येतो, असंही त्याच कलमात आहे. वीस इंच. म्हणजे जी खांद्यावर घेऊन जावी लागते, जी चार माणसांना लांबून दिसते आणि जी कमरेला खोचता येत नाही. कायदा करणाऱ्यांनी पिकाचा विचार केला तेव्हा त्यांना आखूड नळीचं रिव्हॉल्व्हर आठवलं नाही. शिवाय डुक्कर वन्यजीव कायद्याखाली आहे. उभ्या पिकाचं नुकसान करतं म्हणून मारायचं, तरी वनखात्याच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. जिवावर बेतलं आणि प्राण वाचवायला मारलं तर गुन्हा नाही, ही सूटही त्या कायद्यात आहे. पण पीक खातंय म्हणून मनाला येईल तेव्हा गोळी घालायला कुणालाच मुभा नाही, मग नळी दोन इंचांची असो की वीस.

बिबट्या. 2022 च्या ऑगस्टमध्ये बेळगावात गोल्फच्या मैदानाजवळ बिबट्या दिसला होता, आठवतो ना? शाळा बंद ठेवल्या, वनखात्याची माणसं आली, हत्तीसुद्धा आणले. तो शेवटपर्यंत सापडला नाही. एवढ्या फौजेला जो दिसला नाही, तो आमच्या पुतण्याला नेम धरण्याइतका वेळ उभा राहणार आहे?

साप. इथे मी थोडी थांबणार आहे, कारण इथे मला राग येतो.

तीन वर्षांमागे आमच्या उसात पाचट काढताना एका बाईला घोणस चावली. पायाच्या घोट्याच्या वर. अनवाणी होती. घोणसाचं विष रक्त गोठू देत नाही. हिरड्यांतून रक्त यायला लागलं तेव्हा ती गाडीत माझ्या शेजारी होती. पदराने तोंड पुसायची आणि पदराकडे बघायची. वाचली. लस वेळेवर मिळाली म्हणून वाचली. पण पाय पुढे वर्षभर धड नव्हता आणि तेवढा वेळ तिच्या घरात कुणी काय खाल्लं, हे मला विचारू नका, मला त्याची लाज वाटते. त्या दिवशी कुणाच्या कमरेला रिव्हॉल्व्हर असतं तर त्याने काय केलं असतं? पाचटाखालच्या सापाला गोळी घातली असती, दंश झाल्यावर? साप मारायचा हा विचार आपल्या घरात कधीपासून आला, तो प्रश्न तर मी बाजूलाच ठेवते. आपण पाणी गाळून पितो. गाळून झालेलं फडकं ज्या विहिरीचं पाणी त्याच विहिरीत धुतो, का, तर त्यातले जीव आपल्या घरी परत जावेत म्हणून.

तिला पायात गमबूट हवे होते. हातात मोजे आणि काठी हवी होती. 2014 साली कानपूरच्या सरकारी कारखान्याने खास बायकांसाठी म्हणून एक रिव्हॉल्व्हर काढलं. 'निर्भीक' नाव. दिल्लीच्या त्या मुलीला लोकांनी दिलेल्या नावावरून. अर्धा किलो वजन, .32 बोअर, किंमत 1,22,360 रुपये. दागिन्यांच्या पेटीसारख्या मरून रंगाच्या पेटीत घालून द्यायचे. पुतण्याने माझ्यासाठी पहिल्यांदा हेच पसंत केलं होतं. 'काकू, लेडीज आहे.' चारशे-पाचशे रुपयांना गमबुटाचा जोड येतो. सव्वा लाखात अडीचशे जोड झाले. आमच्या शेतावर कामाला येणाऱ्या बायका बारा. मग मी विचारलं, की घोणस चावली त्यानंतर तीन वर्षांत गमबुटाचा एक तरी जोड आणलास का? तो म्हणाला, त्या घालत नाहीत. त्यांना आणून दिले होते का? नाही.

राहता राहिला चोर. मोटरची केबल कापून नेतात, तांब्यासाठी. नेऊ देत, असं मी म्हणणार नाही, आमचीही गेलेली आहे, दोनदा. पण केबलच्या चोराला गोळी घालायचा अधिकार कुणालाच नाही, हे परवाना देणारा अधिकारीसुद्धा सांगेल.

इतकं सगळं मी त्याला सांगितलं. पोरगं हुशार आहे, भांडलं नाही. म्हणालं, "तसं नाही काकू. जवळ असलं की बरं असतं. कोण वाकडं बघत नाही."

कोण? डुक्कर वाकडं बघत नाही. साप बघत नाही. कोण वाकडं बघतं, ते घरातल्या सगळ्यांना माहीत आहे, आणि त्याचं नाव कुणी घेत नाही.

गेल्या उन्हाळ्यात विहिरीवर पाण्याच्या पाळीवरून भांडण झालं. विहीर सामाईक, चार हिस्से. चुलत दिरांच्या मुलाने आमच्या पाळीत मोटर चालू केली. मी डबा घेऊन गेले होते, त्यामुळे ऐकीव सांगत नाही. आधी वीजबिलावरून बोलणं, मग बांधावरून, मग आजोबांच्या वाटणीवरून, मग एकमेकांच्या आईवरून. आणि आमच्या पुतण्याने खोरं उचललं. खोऱ्याला चार फुटांचा दांडा असतो. ते उचलायला दोन हात लागतात, मागे न्यावं लागतं, पाय रोवावे लागतात. तेवढ्यात एका गड्याने मागून मिठी मारली, दुसऱ्याने दांडा धरला, मी डबा टाकून मध्ये गेले. आमटी सगळी सांडली. अर्ध्या तासाने दोघंही वेगवेगळ्या बांधावर तोंड फिरवून बसले होते. संध्याकाळी चुलत दीर घरी आले, चहा झाला. पाळीचा प्रश्न सुटला नाही, अजून सुटलेला नाही. पण दोघंही जिवंत आहेत.

तिथे त्याच्या कमरेला ते आखूड नळीचं, हलकं, वाकताना न टोचणारं असतं तर? मागे नेण्याइतकी जागा लागत नाही. दोन हात लागत नाहीत. गड्याने मिठी मारेपर्यंत काम झालेलं असतं. पुतण्या जो जो गुण सांगत होता, म्हणजे लहान, हलकं, चटकन हातात येतं, अडकत नाही, तो प्रत्येक गुण मी विहिरीवर उभं राहून ऐकत होते. रागाच्या आणि हाताच्या मध्ये जेवढं अंतर असतं, तेवढीच माणसाला शुद्धीवर यायची जागा. ठासणीची बंदूक असली तर घरी जावं लागतं, भिंतीवरून काढावी लागते, दारू ठासावी लागते. तोपर्यंत आई, बायको, काकू, कुणीतरी आडवं येतं. 'शेतासाठी सोयीचं' म्हणून जे निवडायचं, ते नेमकी ही मधली जागा काढून टाकण्यासाठीच बनवलेलं आहे.

1993 साली अमेरिकेत झालेला एक अभ्यास प्रसिद्ध आहे. घरात बंदूक असली तर त्याच घरात खून होण्याचा धोका जवळजवळ पावणेतीन पट वाढतो, असं त्यात दिसलं, आणि मारणारे बहुतेक घरचे किंवा ओळखीचे. त्या आधीच्या वर्षीच्या अभ्यासात आत्महत्येचा धोका त्याहूनही जास्त निघाला होता. अमेरिका आपल्याहून वेगळी आहे, हे मान्य. पण कर्ज, पाऊस आणि कारखान्याचं थकलेलं बिल हे सगळं डोक्यावर घेऊन पहाटेपर्यंत जागा असणारा माणूस आपल्याकडे प्रत्येक गल्लीत आहे. त्याच्या उशाशी काय असावं, हा प्रश्न बायकांनी विचारायचा नाही तर कुणी?

आता धर्म. कारण घरात शेवटी तोही आणला गेला. थोरले दीर म्हणाले, गृहस्थाला विरोधी हिंसा क्षम्य आहे, शास्त्रात आहे. आहेच. संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी असे हिंसेचे चार प्रकार आपण पाठशाळेत शिकलो. गृहस्थाने संकल्पी तेवढी पूर्ण सोडायची. स्वयंपाकातली, शेतीतली आणि अंगावर आलेल्याला परतवतानाची त्याला टळत नाही. कुणी जैन म्हणजे भित्रे म्हणालं, तर मीही गप्प बसणार नाही. आमच्या बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती बघा. 1204 साली रट्ट राजा कार्तवीर्याच्या मंत्र्याने, बीचिराजाने बांधली. ते काही शस्त्र न धरणाऱ्यांचं राज्य नव्हतं. श्रवणबेळगोळचा बाहुबली उभा केला तो चामुंडराय गंगांचा सेनापती. उल्लाळची अब्बक्का पोर्तुगीजांशी लढली, ती जैन राणी. तेव्हा शस्त्र आणि जैन यांचं वाकडं होतं, असा खोटा इतिहास मी सांगणार नाही.

पण दीरांना मी एवढंच विचारलं, की ती विरोधी हिंसा समोरचा अंगावर आल्यावरची ना? कुणीच आलेलं नसताना, बाजारात फोटो बघून, नळी किती इंच, खिशात मावतं का, सदऱ्याखालून दिसतं का, हे ठरवत महिनाभर बसायचं, याला शास्त्रात काय म्हणतात? 'उद्या तो आला तर' याचं चित्र रोज मनात रंगवायचं, याला अपध्यान म्हणतात. अनर्थदंडाच्या पाच प्रकारांतला तो एक. आणि दुसरा हिंसादान, म्हणजे हिंसेची साधनं दुसऱ्याच्या हाती देणं. समंतभद्राचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात त्याची यादीच दिली आहे, तिच्यात परशू आहे, तलवार आहे, आयुधं आहेत, साखळदंडसुद्धा आहे. (कुदळही आहे, म्हणून शेतकऱ्याला थोडं हसू येतं. पण विहिरीवरचं खोरं आठवलं की हसू जातं.) माझ्या सासूबाई विळी किंवा सुरी कुणाच्या हातात देत नसत, खाली ठेवायच्या, घेणाऱ्याने उचलून घ्यायची. मला वाटायचं अंधश्रद्धा. आज वाटतं, त्या बाईला हिंसादानाचा अर्थ पाठ न करता कळला होता.

माझ्या सहीने ते शस्त्र घरात आलं, तर ते दान माझं. पाप पुतण्याच्या खात्यावर आणि परवाना माझ्या नावावर, अशी वाटणी करता येत नाही. उमास्वामींनी हिंसेच्या व्याख्येतच प्रमाद घातला आहे. मारायचं मनात नव्हतं म्हणून सुटका नाही, बेसावध होतीस का, एवढंच विचारलं जाईल.

आणि भरत-बाहुबलींची गोष्ट आपण पोरांना का सांगतो? तीही भाऊबंदकीचीच आहे. राज्याच्या वाटणीवरून दोन भाऊ समोरासमोर आले, तेव्हा मंत्र्यांनी मध्ये पडून सांगितलं की सैन्य कशाला मारता, तुम्ही दोघंच लढा. दृष्टियुद्ध, जलयुद्ध, मल्लयुद्ध, तिन्ही बिनशस्त्राची. तिन्हींत भरत हरला आणि रागाच्या भरात त्याने चक्र फेकलं. चक्रवर्ती, ज्याला काही कमी नाही, तोसुद्धा सख्ख्या भावावर शस्त्र टाकून मोकळा झाला. ते चक्र बाहुबलीला प्रदक्षिणा घालून थांबलं, कारण ते आपल्या कुळातल्यावर चालत नाही. कानपूरच्या .32 ला कूळ कळत नाही.

आता कायद्याकडे येते, कारण ज्यांना धर्माने फरक पडत नाही त्यांना पोलिसाने पडतो. परवाना माझ्या नावावर असला तर शस्त्र मी बाळगायचं. दुसऱ्याने ते न्यायचं तर माझ्यासमोर, किंवा माझ्या लेखी अधिकाराने, तेही दुरुस्तीला, परवान्याच्या नूतनीकरणाला किंवा माझ्याच वापरासाठी. पुतण्याने कमरेला लावून रात्री दोनला मोटर चालू करायला जायचं, हे त्यात कुठेही बसत नाही. तो पकडला गेला तर तो विनापरवाना आणि मी शस्त्र दुसऱ्याच्या हाती देणारी. 2016 च्या नियमांप्रमाणे शस्त्र सांभाळण्याचं शिक्षण घेतल्याचा दाखला अर्जदाराला लागतो. म्हणजे मी, वयाच्या चोपन्नाव्या वर्षी, तिथे जाऊन नेम धरायला शिकायचं, चष्मा लावून. निवडणूक आली की शस्त्र पोलिसांत जमा करायचं. जमा करायला कोण जाणार? पाच वर्षांनी नूतनीकरण. त्याच्या रांगेत कोण? घरात आलेल्या लहान पोराने कपाट उघडलं तर किल्ली कुठे होती, हे कुणाला विचारणार? लग्नात कुणी हौसेने हवेत बार काढला, तर 2019 पासून त्यालाही दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. परवान्यावर फोटो माझा.

बायांनो, आपल्या नावाचा उपयोग किती प्रकारे होतो ते जरा मोजा. जमीन आपल्या नावावर, कसायचा निर्णय त्यांचा. सोसायटीत कर्ज आपल्या नावावर, पैसे खर्चले त्यांनी. ग्रामपंचायतीत राखीव जागेवर आपण, सभेत खुर्चीवर ते. आपण हे सगळं चालू दिलं, कारण भांडण नको. जमिनीच्या कागदावर सही करून फार तर जमीन जाते. या कागदावर सही केली तर कुणाचं काय जाईल, ते सही करताना दिसत नाही. त्या मरून पेटीचा मला म्हणून जास्त राग आहे. 'बाईच्या रक्षणासाठी' म्हणून बनवलेली वस्तू घरातला पुरुष बाईच्या सहीने आणून स्वतःच्या कमरेला लावणार आणि वर म्हणणार, तुमच्यासाठीच तर आहे.

कुणी विचारेल, आणि विचारलंच आहे, की उद्या खरंच पोरावर प्रसंग आला तर? मी काय उत्तर देऊ? येऊ शकतो. शस्त्र नव्हतं म्हणून जीव गेला असंही होऊ शकतं, आणि मग ही जाऊबाई माझ्या तोंडाकडे जन्मभर कशी बघेल तेही मला कळतं. त्यांनी तसं बोलून दाखवलं आहे. पण मी विहिरीवर होते. माझ्या डोळ्यांसमोर जो प्रसंग आला, त्यात शस्त्र नव्हतं म्हणून जीव वाचला. दोन भीतींतली एक निवडायची तर मी पाहिलेली निवडेन.

त्याला मी दुसरं काही देत नाही असं नाही. रात्रीच्या पाळीला एकट्याने जायचं नाही, गडी बरोबर न्यायचा, त्याची वेगळी मजुरी मी घरखर्चातून देईन म्हटलं. डोक्याला बांधायची बॅटरी आणली, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. शेताच्या जंगलाकडच्या अंगाला सौरऊर्जेचं झटका मशीन बसवायचं ठरलं. थेट लाईनची वीज तारेत सोडणारे लोक आहेत, त्यात डुकराआधी माणसं मरतात, ते नको म्हणून मी आधीच बजावलं. आणि विहिरीच्या पाळीचा कागद करायचा, चौघांच्या सह्यांचा. तिथे मी सही करायला तयार आहे, पहिली करते. चुलत दीर अजून हो म्हणालेले नाहीत.

शस्त्राच्या परवान्याचा अर्ज माझ्या कपाटात आहे. फोटो चिकटवलेला, सहीची जागा कोरी. पुतण्या महिनाभर माझ्याशी बोलला नाही. क्षमावणीला पाया पडायला आला, मी क्षमा मागितली, त्यानेही मागितली. अर्जाचं नाव दोघांनी काढलं नाही.

गेल्या आठवड्यात बारा बायकांची पावलं मी जुन्या वर्तमानपत्रावर उभी करून पेन्सिलीने आखून घेतली. सगळ्या हसत होत्या. जिला घोणस चावली होती ती म्हणाली, "वैनी, माझा एकच पाय काढा, दुसरा सुजका आहे, माप चुकेल." कागद घेऊन बाजारात गेले. दुकानदाराने पावलं बघितली आणि म्हणाला, बायकांच्या मापाचे गमबूट येत नाहीत, पोरांचे न्या. पाच नंबरचे सात जोड मिळाले. बाकीचे मागवले आहेत.